आकाशातले आक्रमक आणि जमिनीवरची भीती

परग्रहावरून आलेल्या जीवांनी पृथ्वीवर हल्ला करणे ही कल्पना आज चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही नवी वाटत नाही. या प्रकारच्या चित्रपटांची घडण मात्र प्रामुख्याने १९५१ ते १९६० या दहा वर्षांत झाली. उडती तबकडी, रिकाम्या झालेल्या शहरातून पळणारे लोक, निष्प्रभ ठरणारे सैन्य, प्रयोगशाळेत रात्र जागवणारा शास्त्रज्ञ आणि कोणाचाच विश्वास न बसणारा एकटा साक्षीदार हे सारे घटक त्याच काळात रूढ झाले. त्यांतले बरेचसे चित्रपट अल्प खर्चाचे, कृष्णधवल आणि आजच्या दृष्टीने तांत्रिक बाबतीत बाळबोध होते. तरीही त्यांतले काही टिकले. संकट आले तर विश्वास कोणावर ठेवायचा, सैनिकावर, शास्त्रज्ञावर, सरकारवर की शेजाऱ्यावर, हा त्या काळातील समाजाला छळणारा प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तरे मात्र प्रत्येकाने वेगवेगळी दिली.

पूर्वपीठिका

या कथाप्रकाराचे मूळ एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' या कादंबरीत आहे. ती १८९७ मध्ये क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मंगळवासी इंग्लंडच्या दक्षिण भागात उतरतात आणि जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याचा काही दिवसांत धुव्वा उडवतात, अशी ही कथा. युरोपीय वसाहतवाद्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा केलेला संहार वेल्स यांनी कादंबरीच्या आरंभीच वाचकांपुढे ठेवला होता. इतरांवर आपण जे लादले तेच उद्या आपल्यावर आले तर काय, हा त्यांचा सवाल होता. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी याच कादंबरीचे नभोनाट्य अमेरिकेत सादर केले. त्याने देशभर हाहाकार माजल्याच्या बातम्या तेव्हाच्या वृत्तपत्रांनी फुगवून दिल्या होत्या, असे आता अभ्यासक मानतात. काही श्रोते मात्र खरोखरच घाबरले होते. म्युनिक कराराला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि रेडिओवरून युद्धाची बातमी केव्हाही येईल अशी लोकांच्या मनाची तयारी झालेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही भीती नव्या रूपात आली. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने उडताना पाहिल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी त्यांना 'उडत्या तबकड्या' असे नाव दिले आणि ते जगभर पसरले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. त्याच वर्षी चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली आणि जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. पर्ल हार्बरवरील हल्ला अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून दूर झाला होता. आता मात्र विनाश आकाशातून थेट घरावर येऊ शकत होता. 'डक अँड कव्हर' या सरकारी लघुपटातून बर्ट नावाचे एक कासव शाळकरी मुलांना बॉम्ब पडला तर बाकाखाली कसे लपायचे हे शिकवत होते.

भीतीचे दुसरे तोंड देशाच्या आतच होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने हॉलिवूडमधील साम्यवाद्यांचा शोध सुरू केला. प्रश्नांची उत्तरे देण्यास नकार देणारे दहा लेखक-दिग्दर्शक पुढे तुरुंगात गेले. चित्रपटसंस्थांनी अशा लोकांना काम न देण्याचे जाहीर केले आणि 'काळी यादी' अस्तित्वात आली. १९५१ मध्ये या चौकशीची दुसरी फेरी सुरू झाली. आपली नोकरी टिकवायची तर मित्रांची नावे सांगायची, असा हा मामला होता. परग्रहवासीयांचे पहिले दोन महत्त्वाचे चित्रपट त्याच वर्षी पडद्यावर आले.

एकाच वर्षातील दोन उत्तरे

एप्रिल १९५१ मध्ये 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक म्हणून ख्रिश्चन नायबी यांचे नाव होते, निर्माते होते हॉवर्ड हॉक्स. उत्तर ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रात हवाई दलाची एक तुकडी पोहोचते. बर्फात गाडले गेलेले यान आणि त्यातील प्रवासी तिला सापडतो. बर्फाच्या लादीतून सुटलेला हा प्राणी वनस्पतीसारखा वाढणारा आणि रक्तावर जगणारा असतो. केंद्रातील मुख्य शास्त्रज्ञ डॉ. कॅरिंग्टन यांना त्याच्याशी संवाद साधायचा आहे. ज्ञानापुढे माणसांच्या जिवाचीही मातब्बरी नाही, अशी त्यांची धारणा. ते चोरून रक्त घालून त्या प्राण्याची रोपे वाढवतात. शेवटी सैनिक विजेच्या झोताने त्या प्राण्याला जाळतात आणि एक पत्रकार रेडिओवरून जगाला आकाशावर सतत नजर ठेवण्याचा इशारा देतो.

या चित्रपटाची भूमिका स्पष्ट आहे. सैनिक विनोदी, समंजस आणि एकजुटीचे आहेत. शास्त्रज्ञ विद्वान असला तरी धोकादायक आहे. कॅरिंग्टन यांची दाढी आणि फरची टोपी त्या काळातील प्रेक्षकाला रशियाची आठवण करून देणारी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शत्रूशी बोलणी करू पाहणारा बुद्धिवादी हा स्वकीयांना संकटात टाकणारा आहे, हा विचार १९५१ च्या अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेरही बोलला जात होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या रॉबर्ट वाइज यांच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या चित्रपटाने नेमके उलट उत्तर दिले. वॉशिंग्टनमध्ये उतरलेला क्लाटू हा पाहुणा राष्ट्राध्यक्षांसाठी भेट घेऊन आला आहे. ती शस्त्र आहे असे समजून एक घाबरलेला सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. क्लाटूला सर्व देशांच्या प्रतिनिधींशी एकत्र बोलायचे आहे, पण बैठकीच्या जागेवरही देशांचे एकमत होत नाही. तो एका खाणावळवजा घरात सामान्य भाडेकरू म्हणून राहतो. न्याहारीच्या टेबलावर एक बाई सूचकपणे म्हणते, की हा प्राणी अंतराळातून नव्हे, पृथ्वीवरच्याच एका ठिकाणाहून आला असावा. कोणत्या देशाचे नाव तिच्या मनात आहे हे सांगावे लागत नाही. क्लाटूची चुगली करणारा मनुष्य ती वैयक्तिक लाभासाठी करतो. त्याचे ऐकून घेणारा एकमेव थोर पुरुष म्हणजे शास्त्रज्ञ प्रा. बार्नहार्ट. ही भूमिका करणारे सॅम जाफी त्याच सुमारास काळ्या यादीच्या फेऱ्यात सापडले होते.

हा चित्रपट शांततावादी म्हणून ओळखला जातो, पण त्याचा शेवट तितका सरळ नाही. तुमची हिंसा अंतराळात आणलीत तर पृथ्वीची राख करण्यात येईल आणि त्याची अंमलबजावणी गॉर्टसारखे यंत्रमानव करतील, असे क्लाटू बजावतो. म्हणजे शांतता येथेही धाकानेच राखली जाणार आहे. अण्वस्त्रांच्या धाकावर उभ्या राहत असलेल्या जगाला त्याहून वेगळे काही सुचत नव्हते, हेच त्यातून दिसते.

बॉम्ब जेव्हा हरतो

१ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची पहिली पूर्ण चाचणी केली. पुढच्याच वर्षी निर्माते जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक बायरन हॅस्किन यांचा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' आला. इंग्लंडऐवजी कॅलिफोर्निया आणि घोडदळाऐवजी रणगाडे एवढाच बदल त्यांनी केला नाही. वेल्स यांच्या कथेतील वसाहतवादावरील टीका जवळजवळ नाहीशी झाली आणि तिची जागा शीतयुद्धाने घेतली. वेल्स यांच्या कादंबरीतील धर्मोपदेशक भेदरून भ्रमिष्ट होतो. चित्रपटातील धर्मोपदेशक मात्र निःशस्त्र मंगळवासीयांना सामोरा जातो आणि मारला जातो.

चित्रपटातील सर्वांत बोलका प्रसंग अणुबॉम्बचा आहे. सर्व शस्त्रे थकल्यावर विमानातून बॉम्ब टाकला जातो. धुराचा लोट विरतो आणि मंगळवासीयांची याने ओरखडाही न पडता पुढे सरकतात. ज्या शस्त्रावर राष्ट्राची सारी सुरक्षा तोलून धरलेली होती, ते निरुपयोगी ठरले तर काय, ही भीती एवढ्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच दाखवली गेली असेल. त्यानंतरचा प्रसंगही तितकाच मार्मिक आहे. लॉस एंजेलिस सोडून पळणारा जमाव शास्त्रज्ञांच्या गाड्या हिसकावून घेतो आणि शेवटची आशा असलेली उपकरणे नष्ट होतात. मंगळवासी जे करू शकले नव्हते ते माणसांनीच केले. अखेरीस आक्रमक मरतात ते पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंमुळे. सैन्य, विज्ञान आणि नागरिक या तिघांपैकी कोणीही जिंकत नाही.

१९५६ च्या 'अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स' मध्ये हाच विनाश राजधानीपर्यंत पोहोचला. रे हॅरीहॉसेन यांनी चित्रचौकटीगणिक प्रतिकृती हलवून तबकड्या उडवल्या आणि त्या वॉशिंग्टन स्मारकावर व कॅपिटॉलवर आदळवल्या. राष्ट्राची प्रतीके कोसळताना पाहण्याची विलक्षण ओढ प्रेक्षकांना असते, हे निर्मात्यांना तेव्हाच उमगले. १९९६ च्या 'इंडिपेन्डन्स डे' ने त्याच ओढीवर मोठा व्यवसाय केला.

शत्रू घरातच

आकाशातून येणाऱ्या यानापेक्षाही अधिक अस्वस्थ करणारी कल्पना म्हणजे आपल्या माणसाच्या चेहऱ्यामागे दुसरेच कोणी असणे. १९५३ च्या 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स' मध्ये एक लहान मुलगा घरामागे यान उतरताना पाहतो. शोधायला गेलेले वडील परततात ते कठोर, परके होऊन, मानेच्या मागे एक खूण घेऊन. पोलिसांकडे धाव घ्यावी तर त्यांच्याही मानेवर तीच खूण.

याच सूत्राचा सर्वांत समर्थ आविष्कार म्हणजे डॉन सीगल यांचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६). जॅक फिनी यांची मूळ कथा १९५४ मध्ये 'कॉलियर्स' या नियतकालिकातून क्रमशः आली होती. सांता मिरा या काल्पनिक गावात डॉ. माइल्स बेनेल यांच्याकडे विचित्र तक्रारी येऊ लागतात. एक मुलगा म्हणतो, ही माझी आई नाही. एक स्त्री म्हणते, हे माझे काका नव्हेत. दिसणे, बोलणे, आठवणी सारे तेच, फक्त माया उरलेली नाही. मनोविकारतज्ज्ञ याला सामूहिक भ्रम ठरवतात. प्रत्यक्षात अंतराळातून आलेल्या प्रचंड शेंगांमधून गावकऱ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार होत असतात आणि माणूस झोपला की त्याची जागा घेत असतात. बदललेली माणसे दुष्टपणाने वागत नाहीत. प्रेम, चिंता, महत्त्वाकांक्षा यांतून सुटका झाली असून आयुष्य सोपे झाले आहे, असे ती शांतपणे पटवून देतात.

या कथेचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले जातात. पहिल्या अर्थानुसार शेंगा म्हणजे साम्यवाद. कोरियाच्या युद्धानंतर २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला होता आणि 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द तेव्हा सर्वतोमुखी झाला होता. ओळखीचा माणूस आतून बदलू शकतो याचा तो पुरावाच मानला गेला. दुसऱ्या अर्थानुसार शेंगा म्हणजे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या काळातील अमेरिकाच. सर्वांसारखे व्हा, प्रश्न विचारू नका, वेगळा दिसेल त्याला पकडून द्या, असे तिचे म्हणणे. एकसारख्या घरांची नवी उपनगरे तेव्हा झपाट्याने वाढत होती आणि विल्यम व्हाइट यांचे 'द ऑर्गनायझेशन मॅन' हे संस्थेत विरघळून जाणाऱ्या माणसावरील पुस्तकही १९५६ मध्येच प्रसिद्ध झाले.

आपण केवळ मनोरंजक कथा लिहिली, असे फिनी स्वतः सांगत. चित्रपटाशी संबंधित इतरांनीही राजकीय रूपक योजल्याचे नाकारले. तरीही दोन्ही अर्थ तितक्याच सहजतेने बसतात, यातच या चित्रपटाचे मर्म आहे. साम्यवाद्यांना घाबरणारा नागरिक आणि साम्यवाद्यांची शिकार करणाऱ्यांना घाबरणारा नागरिक, दोघांची व्यथा एकच होती. शेजाऱ्यावर विश्वास ठेवता येईनासा झाला होता. सीगल यांना चित्रपट महामार्गावर गाड्यांना हाका मारणाऱ्या, कोणीही न ऐकणाऱ्या माइल्सवर संपवायचा होता. निर्मितीसंस्थेला तो शेवट फार निराशाजनक वाटला. तिने आरंभी आणि अखेरीस जादा प्रसंग जोडले आणि त्यांत डॉक्टरांना माइल्सचे म्हणणे पटून ते सरकारी यंत्रणेला फोन करतात. सरकार येऊन वाचवील, हा दिलासा असा बाहेरून चिकटवावा लागला.

ब्रिटन आणि जपान

अमेरिकेबाहेर हाच प्रश्न वेगळ्या वळणाने गेला. ब्रिटनमध्ये नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही मालिका बीबीसीने १९५३ मध्ये दाखवली. हॅमर कंपनीने १९५५ मध्ये तिचा चित्रपट केला. तिच्यात आक्रमक स्वतः येत नाही, ब्रिटिश अंतराळवीरच त्याला शरीरात घेऊन परततो. १९५७ च्या 'क्वाटरमास टू' मध्ये कृत्रिम अन्न बनवण्याच्या नावाखाली चाललेला एक गुप्त सरकारी प्रकल्प प्रत्यक्षात परग्रहवासीयांचा तळ असतो आणि वरिष्ठ अधिकारी त्यांच्या अमलाखाली गेलेले असतात. ब्रिटनने ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाजवळ आपला पहिला अणुबॉम्ब फोडला होता. काटेरी कुंपणाआड काय चालले आहे हे नागरिकांना कळत नव्हते. ब्रिटिश भीतीचा रोख म्हणून परक्यांइतकाच स्वतःच्या सरकारच्या गुप्ततेकडे होता.

१९६० चा 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' जॉन विंडम यांच्या 'द मिडविच कुकूज' या १९५७ च्या कादंबरीवर आधारित होता. एका खेड्यातील सारे लोक काही तास बेशुद्ध पडतात आणि पुढे तेथील स्त्रियांना एकाच वेळी दिवस जातात. सोनेरी केसांची, दुसऱ्याचे मन वाचणारी मुले जन्माला येतात. रशियातील अशाच एका खेड्याचा अण्वस्त्राने सर्व रहिवाशांसह नाश करण्यात आला, अशी बातमी येते. ब्रिटिश सरकारपुढे तोच पर्याय आहे. अखेर मुलांना शिकवणारा वृद्ध गृहस्थ स्वतःच्या पिशवीत बॉम्ब घेऊन वर्गात जातो. आपल्याच घरात वाढलेली पुढची पिढी आपली नाही, ही जाणीव त्याच्या निर्णयामागे आहे.

जपानला अणुबॉम्बची कल्पना करण्याची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धानंतर चीनमधून परतताना हिरोशिमाचे अवशेष पाहिले होते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवरील अमेरिकी चाचणीच्या किरणोत्सारी राखेत 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी बोटीवरील २३ खलाशी सापडले. त्याच वर्षी होंडा यांचा 'गॉडझिला' आला आणि १९५७ मध्ये 'द मिस्टेरियन्स'. त्यातील परग्रहवासीयांचा मूळ ग्रह त्यांच्याच अणुयुद्धात नष्ट झालेला आहे. किरणोत्साराने त्यांची शरीरे पोखरली आहेत. ते फुजी पर्वताजवळ लहानसा भूभाग आणि पृथ्वीवरील स्त्रियांशी विवाहाची मुभा मागतात. अमेरिकेचा ताबा १९५२ मध्ये संपला तरी तिचे तळ जपानच्या भूमीवर कायम होते आणि तळाच्या विस्तारासाठी जमिनी देण्यास शेतकरी विरोध करीत होते. परक्या सैन्याने मागितलेला 'लहानसा भूभाग' काय असतो, हे जपानी प्रेक्षकाला वेगळे समजावण्याची गरज नव्हती. चित्रपटात सर्व राष्ट्रे एकत्र येऊन लढतात. जपानला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व डिसेंबर १९५६ मध्येच मिळाले होते, हे लक्षात घेतले की या एकजुटीचे महत्त्व कळते.

भीतीची पुढची वाटचाल

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' सोडला. आकाशात आता माणसाने पाठवलेलीच वस्तू फिरू लागली. तबकड्यांच्या चित्रपटांची लाट हळूहळू ओसरली, पण त्यांतील सूत्रे मरून गेली नाहीत. पाहुणा शत्रूच असतो हे गृहीत मात्र तपासले जाऊ लागले. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये 'द एलियन' ही पटकथा लिहिली. बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात यान पडते आणि गावकरी त्याला पाण्यातून वर आलेले देऊळ समजतात. हा चित्रपट कधीच निघाला नाही. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतर आलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) मध्ये परग्रहवासी स्नेही आहेत आणि सत्य दडवणारे सरकारच आहे.

जुन्या कथाही नव्या काळाचे कपडे घालून परत आल्या. फिलिप कॉफमन यांनी १९७८ मध्ये 'बॉडी स्नॅचर्स' लहान गावातून सॅन फ्रान्सिस्कोत आणला. शेजारी कोण आहे हेच ठाऊक नसलेल्या महानगरात तो बदलला तरी कळणार कसे, असा त्याचा प्रश्न होता. जॉन कार्पेंटर यांच्या 'द थिंग' (१९८२) मध्ये १९५१ च्या चित्रपटातील सैनिकांची एकजूट पूर्ण नाहीशी झाली. त्यात प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय आहे. स्पीलबर्ग यांच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' (२००५) मध्ये अंगावर राख साचलेला नायक पाहताना अमेरिकी प्रेक्षकाला ११ सप्टेंबर २००१ आठवल्यावाचून राहिले नाही. नील ब्लोमकॅम्प यांच्या 'डिस्ट्रिक्ट नाइन' (२००९) ने तर बाजूच उलटवली. त्यात परग्रहवासी जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत डांबलेले निर्वासित आहेत आणि आक्रमण करतात ती माणसे. शंभरहून अधिक वर्षांनी हा कथाप्रकार वेल्स यांच्या मूळ सवालाकडे परतला.

प्रत्येक राक्षसात एकेक राजकीय घटना शोधत बसणे मात्र योग्य नाही. यांतले कित्येक चित्रपट तरुणांना खुल्या मैदानातील चित्रपटगृहांकडे खेचण्यासाठी घाईघाईने काढलेले होते आणि त्यांच्या निर्मात्यांना तिकीटविक्रीपलीकडे काही अभिप्रेत नव्हते. तरीही घाईत काढलेल्या चित्रपटात काळ अधिक उघडा पडतो, कारण प्रेक्षकाच्या मनात आधीच असलेल्या भीतीचाच त्याला आधार घ्यावा लागतो. सांता मिरात कोणाचे घर जळत नाही, एकही इमारत कोसळत नाही. माणसे रोजच्यासारखी कामावर जातात, दुकाने उघडी असतात. फक्त कोणीही कोणाजवळ खरे बोलू शकत नाही. काळ्या यादीच्या वर्षांत हॉलिवूडमधील अनेक लेखक, नट आणि तंत्रज्ञ नेमके असेच जगत होते.